70 वर्षं

आज भाचीचा बारावीचा निकाल. सकाळीच तिला व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलमधलं यिर्मया 29:11 पाठवलं, देवाचे संकल्प हिताचे आहेत ते. आमच्याकडे हे वचन फ्रिजवर, कॅलेंडरवर, अगदी चहाच्या मगवरही आहे. तिचा उलट मेसेज: "मावशी, दहावं वचन वाचलंयस का?"

नव्हतं. खरं सांगते, कधीच नाही.

चष्मा शोधून बायबल उघडलं. हे पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेतून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. आणि दहाव्यात देव म्हणतो, तुम्हाला परत आणीन, पण 70 वर्षं भरल्यावर! मागच्याच अध्यायात हनन्या हा खोटा संदेष्टा 2 वर्षांत सुटकेचा वायदा करून मोकळा झालेला. लोकांना तोच आवडला असणार. यिर्मया मात्र म्हणतो, घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, त्या परक्या शहरासाठी प्रार्थना करा. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथेच मातीत गेले असतील. आणि मी ते फुग्यांच्या इमोजीसकट पाठवलेलं!

संध्याकाळी भाची पेढे घेऊन आली. 61 टक्के. मग दोघींनी तो अख्खा अध्याय मोठ्याने वाचला. शेवटच्या शमायापर्यंत, म्हणजे आणखी एका खोट्या संदेष्ट्यापर्यंत, पोहोचेस्तोवर दोनदा चहा झाला, त्याच मगमधून.