रिकामी राहिलेली डावी बाजू

पुनर्वसन विभागात आलेल्या त्या आजींच्या कागदांवर पहिल्याच पानावर लिहिलं होतं : मेंदूच्या उजव्या बाजूला झटका, डावा हात-पाय कमजोर, डाव्या बाजूचं भान नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून मदत करणारी. शेवटचे चार शब्द वाचले की मी आधी पेशंटच्या ताटाकडे बघते. आजींच्या ताटातलं उजवीकडचं सगळं संपलं होतं, डावीकडचं जसंच्या तसं पडून होतं, आणि त्या आपल्या मुलीकडे तक्रार करत होत्या, "इथे जेवायला फारच कमी वाढतात गं."

त्यांचे डोळे ठणठणीत होते. हे घरच्यांना पटवून द्यायला आम्हाला नेहमीच वेळ लागतो. बिघाड दिसण्यात नसतो, लक्ष जाण्यात असतो. मेंदूचा उजवा भाग दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो आणि डावा भाग मुख्यतः उजवीकडेच बघतो, असं मानलं जातं. म्हणून उजव्या भागाला इजा झाली की डाव्या बाजूला राखणदारच उरत नाही. नजर अर्धी गेलेला माणूस हळूहळू मान वळवून बघायला शिकतो, कारण आपल्याला काहीतरी दिसत नाहीये हे त्याला कळतं. आजींना तेच कळत नव्हतं. त्यांच्या लेखी डावीकडे काही नव्हतंच, मग मान वळवायची कशाला?

पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते : बरं वाटल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय? आजींनी उत्तर द्यायला क्षणभरही वेळ घेतला नाही. "बरं वाटायची वाट बघायला वेळ नाही. डिसेंबरची एक तारीख जवळ आलीय. नातीचं कॅलेंडर व्हायचंय."

ॲडव्हेंट कॅलेंडर. ॲडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार ज्या काळात येतात तो आगमनकाळ. दर वर्षी त्याची सुरुवात थोडी मागेपुढे होते, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमधल्या रविवारी. कॅलेंडर मात्र सोयीसाठी १ तारखेपासून २४ पर्यंत असतं. चोवीस कप्पे, रोज एक उघडायचा, आत काहीतरी छोटंसं. बाजारात तयार मिळतं, पण आजी ते दर वर्षी स्वतः बनवत. मोठा पुठ्ठा, त्यावर कागदाची चोवीस पाकिटं आणि आकडे मुद्दाम इकडेतिकडे, म्हणजे नातीला रोज शोधावं लागेल. मुलगी हळूच म्हणाली, "आई, या वर्षी विकत आणू." आजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मुलगी त्यांच्या डावीकडे उभी होती.

मला ते ऐकूनच इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी पुठ्ठा आणला. आम्ही अशा पेशंटची जी तपासणी करतो ती थोडीफार अशीच असते. एका कागदावर भरपूर चिन्हं विखुरलेली, त्यातली ठरावीक शोधून खोडायची. किंवा पानभर छोट्या रेघा, प्रत्येकीला छेद द्यायचा. आजींनी उजवीकडच्या तेवढ्या रेघा खोडून पेन खाली ठेवलं होतं. नंतर या कॅलेंडरबद्दल वाचलं तेव्हा लक्षात आलं की एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या प्रोटेस्टंट घरांत दारावर खडूने चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक पुसत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेरहार्ड लांग यांनी छापील कॅलेंडरं आणली. त्यांच्या लहानपणी आईने पुठ्ठ्यावर खाऊचे चोवीस तुकडे लावून दिले होते, तिथून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. उघडणारी छोटी दारं १९२०च्या सुमाराला आली. एका आईने घरी केलेल्या पुठ्ठ्यापासून सगळा धंदा उभा राहिला, हे आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग! घरचं ते घरचंच."

पाकिटं बनवायलाच बरेच दिवस गेले, आणि ते मला हवंच होतं. कागद धरायला डावा हात लागतो. टेबलावर घसरू नये म्हणून रबरी मॅट, तिच्यावर चौकोनी कागद, आणि त्या कागदावर आजींचा डावा तळवा वजनासारखा ठेवायचा. सुरुवातीला तो हात त्या टेबलाखालीच विसरून येत. मी म्हणायचे, "आजी, मदतनीस कुठे गेला?" मग त्या उजव्या हाताने डावा हात उचलून वर ठेवत. घडी घालायची, नखाने दाबायची, कडेला डिंक. पुढे पुढे डाव्या हाताची बोटं कागद सरकला की आपण होऊन थोडी आवळायला लागली. आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, जाड लाल पेनने, सुरेख वळणदार.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचंय तो पाकिटं पुठ्ठ्यावर लावायचा दिवस.

शाळा सुटल्यावर नात आली होती. आठेक वर्षांची. तिला कॅलेंडर आधी बघायची परवानगी नव्हती, पण या वर्षी आजीने सूट दिली होती. पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवला. डिंक लावायच्या आधी पाकिटं नुसती मांडून बघायची असं ठरलं. मी काहीच सांगितलं नाही. आजींनी पहिलं पाकीट ठेवलं, दुसरं, तिसरं. जागा संपत आली तशी त्या पाकिटं एकमेकांवर चढवायला लागल्या. सातवर पंधरा, पंधरावर नऊ. उजव्या अर्ध्यात चोवीसच्या चोवीस पाकिटांची दाटी झाली. डावीकडे हातभर कोरा पुठ्ठा.

"झालं," आजी म्हणाल्या. "या वेळी पुठ्ठा लहान आणलास तू."

नात आधी माझ्याकडे बघत राहिली, मग आजीकडे. "आजी, ही बाजू रिकामीच ठेवलीस?"

"कुठली बाजू?"

"ही!" तिने डावीकडच्या पुठ्ठ्यावर हात आपटला. आजींनी आवाजाच्या दिशेने जेमतेम मान हलवली आणि पुन्हा पाकिटांकडे बघायला लागल्या. "भरलाय की सगळा," त्या म्हणाल्या. आवाजात चीड होती. पोर हिरमुसली.

अशा वेळी नुसतं सांगून काही उपयोग होत नाही. ज्या बाजूचं भानच नाही ती रिकामी आहे हे कुणी कितीही सांगितलं तरी ते ऐकीवच राहतं. आजींचा हात हातात घेऊन मी म्हटलं, "आजी, आता मी पुठ्ठा फिरवते. पाकिटांना कुणी हात लावणार नाही. तुम्ही बघत राहा." आणि दोन्ही हातांनी पुठ्ठा सावकाश अर्धा फिरवला. वरची बाजू खाली आली, उजवी बाजू डावीकडे गेली.

आजींच्या समोर आता उजवीकडे कोरा पुठ्ठा होता. त्या बघतच राहिल्या. "पाकिटं कुठे गेली?" त्यांनी टेबलाची उजवी कड चाचपली, मांडीवर बघितलं. "कुणी काढून घेतली?"

मी परत फिरवला. पाकिटं आली. पुन्हा फिरवला. गेली. तिसऱ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला थांबवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातीला म्हणाल्या, "बाळा, तू मघाशी कुठे हात आपटलास? परत आपट."

तिने आपटला. आजींनी त्या आवाजाकडे मान वळवली, आणखी वळवली, हनुवटी जवळजवळ खांद्याला टेकेपर्यंत, आणि त्यांना पुठ्ठ्याची कड दिसली. त्या म्हणाल्या, "अगं बाई. केवढा मोठा आहे हा."

या कामात इतकी वर्षं काढून अशी जाणीव डोळ्यांसमोर होताना मी क्वचितच पाहिली आहे. इटलीतल्या बिसियाख आणि लुझ्झाती या दोघांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, तो आमच्या अभ्यासात असतो. मिलानच्या अशाच पेशंटना त्यांनी सांगितलं, डोळ्यांसमोर शहरातला कॅथेड्रलचा चौक आणा, कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा आणि काय काय दिसतं ते सांगा. त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून चौकाकडे बघा. आता त्यांनी दुसऱ्या बाजूच्या इमारती सांगितल्या, आणि आधीच्या गाळल्या. म्हणजे आठवणीत चौक पूर्ण होता, फक्त मनाने बघतानासुद्धा डावी बाजू सुटत होती. परीक्षेसाठी मी हे कितीदा तरी पाठ केलं होतं. ते समजलं मात्र त्या टेबलावर.

नंतरचं काम भराभर झालं. पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत रुंद लाल रिबन चिकटवली. नियम एकच : लाल दिसेपर्यंत मान वळवायची, आणि शोधायची सुरुवात तिथून. आजींचा डावा हात रिबनवर ठेवायचा, जमेल तशी बोटं हलवत राहायची. डावीकडे डावा हात हलता असला की लक्ष तिकडे जायला मदत होते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पाकिटं लावायची ती रिबनपासून उजवीकडे, रांगेने. आकडे मात्र उलटसुलटच ठेवायचे. त्यावर आजी अडून बसल्या होत्या. ओळीने लावले तर ती कसली मजा?

शेवटी चोवीस नंबरचं पाकीट उरलं. ते इतरांपेक्षा मोठं होतं. मध्यावर मुद्दाम सोडलेल्या जागेकडे मी बोट दाखवलं. आजींनी मान हलवली. "ते रिबनला लागून, अगदी खाली. तिथे नाही ठेवलं तर मी तिकडे बघणारच नाही." हे वाक्य मी त्यांच्या केसपेपरवर शब्दशः लिहून ठेवलं. आपल्याला काय होतंय हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

कॅलेंडर त्यांच्या खोलीत भिंतीवर, पलंगाच्या डाव्या अंगाला लावलं. संध्याकाळी नात यायची, पण पाकीट कुठे आहे ते शोधायचं काम आजीचं. नातीने फक्त उघडायचं. शोधणं आणि उघडणं या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची कल्पना त्या पोरीचीच, आणि कुठल्याही थेरपिस्टने अभिमानाने मिरवावी अशी.

चार तारखेला एक गंमतशीर पेच पडला. आजींनी छान रिबनपर्यंत मान नेली, तिथून सुरुवात केली, पण मधलं निसटलं आणि उजवीकडच्या एका पाकिटावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ, चार." नात किंचाळली, "आजी, ते चौदा आहे!" आजींना एक दिसतच नव्हता. आकडा स्वतः लिहिताना त्यांनी तो बरोबर लिहिला होता. वाचताना मात्र त्याची डावी बाजू गळून गेली. पूर्ण पुठ्ठ्याची डावी बाजू हुकते तशी एकेका शब्दाची, एकेका आकड्याचीही हुकते. वर्तमानपत्रातल्या ओळींचा अर्थ का लागत नाही, याचं कोडं त्यांच्या मुलीला तेव्हा उलगडलं. आम्ही प्रत्येक आकड्याच्या डावीकडे लाल ठिपका दिला. आधी ठिपका शोधायचा, मग आकडा वाचायचा. रिबनचाच नियम, छोट्या मापात.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत मला आठवण करून द्यायची गरज फारशी उरली नाही. आजी स्वतःशीच पुटपुटायच्या, "लाल, लाल, लाल," आणि मान वळायची. ताटाच्या डाव्या कडेला त्यांनी स्वतः लाल रुमाल ठेवायला लावला. कुणी सुचवलं नव्हतं. हे मला कॅलेंडरपेक्षाही मोलाचं वाटतं, कारण आमच्या कामात खरी अडचण इथेच येते. कागदावरच्या चाचण्यांत सुधारणा दिसते, पण ती रोजच्या जगण्यात कितपत उतरते याचा पुरावा अजून पक्का नाही. शिवाय झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपला आपणही बराच सावरतो. त्यामुळे आजी कॅलेंडरमुळे सुधारल्या असं मी म्हणणार नाही. बघण्याची एक सवय त्यांना लागली आणि ती त्यांनी आपल्या हाताने ताटापर्यंत नेली, एवढं मात्र मी स्वतः पाहिलं.

चोवीस तारखेला पाकीट सापडायला काहीच वेळ लागला नाही. कुठे आहे ते त्यांना पाठच होतं.

जानेवारीत घरी जायच्या आधी रेघा खोडायची चाचणी पुन्हा घेतली. डावीकडच्या कोपऱ्यातल्या काही सुटल्या, बाकी सगळ्या खोडल्या होत्या. रस्ता एकटीने ओलांडायचा नाही, गॅस पेटवताना शेजारी कुणीतरी हवं, हे मुलीला बजावून सांगितलं. आजींनी ते ऐकून घेतलं आणि मला विचारलं, पुढच्या वर्षीच्या पुठ्ठ्यालाही रिबन लावावी लागेल का. मी म्हटलं, लावून ठेवा, गरज वाटली नाही तर काढून टाका. "राहू दे," त्या म्हणाल्या, "शोभते."

आमच्या विभागात आता तसाच एक पुठ्ठा कायमचा आहे. पाकिटांत पेशंटच्या घरच्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात, आणि तो महिन्याच्या कुठल्याही तारखेला सुरू होतो.