तुम्ही विचारलंत म्हणून: तिसरीच का?

दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच. "मॅडम, ती जपानी कार्टून हॅलो किटी काढली युको शिमिझूंनी, १९७४ साली. मग तुम्ही सारखं युको यामागुचींचंच नाव का घेता? त्यांनी तर ती काढलीच नाही."

नाहीच काढली. शिमिझू १९७६मध्ये सान्रिओतून, म्हणजे किटीच्या कंपनीतून, बाहेर पडल्या, मग किटी काढायला सेत्सुको योनेकुबो आल्या, आणि १९८०मध्ये तिसऱ्या यामागुची. दुधाची बाटली आणि माशांचं भांडं यांच्या मधे बसलेली ती २४० येनांच्या, सुटे पैसे ठेवायच्या पाकिटावरची पहिली किटी, तिच्यात यामागुचींची एक रेघ नाही. पण पुढची चाळीसहून जास्त वर्षं परक्याचं पोर सांभाळलं त्यांनी. केसांचे दोन अंबाडे घालून दुकानांत सह्या द्यायला बसायच्या आणि पोरींना विचारायच्या, तुला कशी हवी? मोठ्या झालेल्या मुलींना लाज वाटू नये म्हणून ऐंशीच्या दशकात काळी-पांढरी किटीही आली. याला काहीच किंमत नाही?

बघा, लगेच भांडायला लागले मी. खरं कारण वेगळं आहे.

मी वह्यांच्या एका कंपनीत होते. मुखपृष्ठावरची खार माझ्याकडे आली, कारण ती काढणारे काका भांडून गेले होते. डोळे मोठे करा, शेपूट झुपकेदार करा, कंपनीवाले म्हणाले, केलं. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात, शाळा उघडायच्या गर्दीत, काका नातीला घेऊन आलेले दिसले. मी त्यांना ओळखलं, ते मला ओळखत नव्हते. त्यांनी वही उचलली, चष्मा कपाळावर सारला, शेपटीवरून अंगठा फिरवला आणि दुकानदाराला म्हणाले, "ही पूर्वी अक्रोड दोन्ही हातांत धरायची हो. आता एकच हात?"

दुसरा हात मी शेपटीमागे लपवला होता. बोटं जमत नव्हती मला. दुकानदार म्हणाला, "आजोबा, खपतेय जोरात." नातीने त्याच वह्या घेतल्या, डझनभर. मी पाठ फिरवून पेन्सिलींची खोकी बघत राहिले.

तेव्हापासून यामागुची म्हणजे माझं वकीलपत्र, कबूल. विद्यार्थी असताना मीच ठासून सांगायचे की चित्र पहिल्यांदा काढणाऱ्याचं, बाकी सगळे नक्कलकार. ती मुलगी आज समोर बसली तर तिला काय सांगू? यामागुचींनी विचारून बदललं, मी न विचारता. पण विचारलं असतं तर काका हो म्हणाले असते?

पुढच्या वर्षी मी दुसरा हात काढला. चार बोटांचा. काकांच्या खारीला किती होती, ते बघायला जुनी वही काही मिळाली नाही.