वेलांटी आधी की अक्षर आधी?

माझी लेक तिसरीत होती. गोष्ट वाचून दाखवली की दुसऱ्या दिवशी संवादासकट सांगायची. स्वतः वाचायला बसली की मात्र 'घर' आणि 'धर' तिला सारखेच, 'किती'चं 'तिकी' व्हायचं. वहीवर शेरा ठरलेला: "सराव करून घ्या." मी घ्यायचे. एकेक शब्द दहा-दहा वेळा. ती रडायची, मी ओरडायचे. त्या संध्याकाळी आठवल्या की आजही जीव तुटतो, कारण पोर खरंच धडपडत होती.

डोळे तपासले, ठीक निघाले. मग शेजारच्या निवृत्त शिक्षिका काकूंनी तिच्या वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, "आठ पूर्ण झाली ना ही? डिस्लेक्सियाची तपासणी करून घे." डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना अक्षरांपाशी अडणं, अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार. तिचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, हे मला तेव्हा कळलं.

तपासणीसाठी शाळेचं पत्र लागलं, ते मिळायलाच तीन आठवडे गेले. "उगाच शिक्का कशाला मारून घेता?" असं ऐकावं लागलं. मी रोज जाऊन उभी राहिले, शेवटी मिळालं. सोबत प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स आणि वह्या. कोणाला तपासणीला जायचं असेल तर एवढं ऐका: वह्या लाल रेघांसकट, आहेत तशाच न्या. मी आधी नीटनेटकी वही निवडली होती. रुग्णालयातल्या बाईंनी ती बाजूला ठेवली आणि खाडाखोडीची मागितली.

सरकारी रुग्णालयात पाच खेपा झाल्या. आधी डोळे आणि कान, मग मानसशास्त्रज्ञांकडे बुद्ध्यांक, मग विशेष शिक्षिकेकडे वाचन, लेखन, गणित. एकदा अर्धा दिवस बसून कळलं की तपासणाऱ्या मॅडम रजेवर आहेत. पहिल्या केसपेपरपासून अहवाल हातात यायला चार महिने लागले. बुद्ध्यांक चांगला, वाचन-लेखनात अक्षमता. सासूबाईंनी एकच विचारलं, "म्हणजे पोर मंद नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी तिला जवळ ओढून घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

खरी मदत मात्र विशेष शिक्षिकेच्या एका वाक्याने झाली. त्या म्हणाल्या, "'कि' म्हणताना तोंडातून आधी काय येतं? क. आणि कागदावर आधी काय दिसतं? वेलांटी. हिचा गोंधळ तिथे होतो." इतकी वर्षं मराठी लिहिते, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. काना, उकार, मात्रा अक्षराच्या नंतर, खाली, वर लागतात. पहिली वेलांटी तेवढी उच्चाराच्या उलट, अक्षराच्या आधी येऊन बसते.

त्यांनी सांगितलं तसं ताटात रवा पसरला. मोठ्याने "क" म्हणायचं आणि बोटाने क काढायचा. मग "इ" म्हणत वेलांटी, नंतर दोन्ही मिळून "कि". ऐकणं, बोलणं आणि बोट एकाच वेळी. रोज पंधरा मिनिटं, दोनच अक्षरं, कंटाळली की बंद. मोठ्याने वाचताना ओळीखाली पोस्टकार्ड धरतो. परिसर अभ्यासाचे धडे मी फोनवर रेकॉर्ड करून देते, ती पुस्तकावर बोट ठेवून ऐकते. कळायला तिला कधीच अडचण नव्हती, ती अक्षरांपाशी अडत होती. हे सगळं करायला प्रमाणपत्र लागत नाही. ते चार महिने मी नुसती वाट बघत घालवले, याचं दुःख आहे.

प्रमाणपत्र मात्र जरूर काढावं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे आणि महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत सवलती 1996 पासून मिळताहेत. लेखनिक घेता येतो, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते, म्हणून सगळी फाईल जपून ठेवली आहे.

आता ती चौथीत आहे. वेलांटी बसली. सध्या रफारावर अडलोय. 'सूर्य' म्हणताना र आधी ऐकू येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर जातो. काल ताटात तीनदा चुकली, चौथ्यांदा स्वतःच थांबली, "र... य..." असं पुटपुटली आणि रफार बरोबर जागी ठेवला. मग रवा सपाट करून म्हणाली, "आता 'पर्वत' घेऊ."