पाय थोरल्याचा सुजलेला, जंत धाकट्याच्या रक्तात

हत्तीरोगासाठी रक्त रात्रीच घ्यावं लागतं. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफिलारिया, दिवसा फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांत दडतात आणि साधारण रात्री 10 ते 2 या वेळात अंगभर फिरतात. क्युलेक्स डासही तेव्हाच चावतो. म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या त्या घरी जेवणं उरकल्यावरच गेलो. थोरल्या भावाचा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. धाकटा धडधाकट. "मले तं काहीच नाही जी, भाऊचंच काढा न," म्हणाला.

दोघांचंही बोट टोचून 20 घनमिलिमीटर रक्त स्लाइडवर जाडसर पसरलं. सकाळी पाण्यात धरून लाली उतरवली, जेएसबी नावाचा, पेशी रंगवणारा रंग दिला. थोरल्याची स्लाइड कोरी. धाकट्याच्या स्लाइडवर पिल्लंच पिल्लं: अंगावर आवरण, शेपटीचं टोक केंद्रकांविना.

खरं काम पुढे होतं: दोघांच्या रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी या कृमीला कसा प्रतिसाद देतात ते पाहायचं. दोघांच्या संमतीने 10 मिली रक्तही हेपारिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, नळीत घेतलं होतं. ही नळी बर्फात ठेवू नये. गार रक्तातले ग्रॅन्युलोसाइट (नको असलेल्या पांढऱ्या पेशी) नीट खाली बसत नाहीत, लिंफोसाइटच्या (हव्या असलेल्या पांढऱ्या पेशींच्या) थरात घुसतात. रक्तात तेवढंच सलाइन मिसळायचं, फायकॉल या जड द्रवावर अलगद सोडायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये 400 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 400 पट) बलाने 30 मिनिटं फिरवायचं, ब्रेक बंद ठेवून. ब्रेक लागला की थर ढवळलाच. मधलं ढगाळ कडं पिपेटने उचललं की 1 ते 2 कोटी पेशी हाती येतात. त्या वाढवायच्या प्लेटच्या दर खळग्यात 2 लाख. एका खळग्यात नुसतं माध्यम, दुसऱ्यात पीएचए (बहुतेक लिंफोसाइटना सरसकट चेतवणारं), तिसऱ्यात ट्युबरक्युलिन (क्षयजंतूची प्रथिनं), चौथ्यात फिलारियाचं, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमीचं, अँटिजेन (प्रतिकाराला ओळखू येणारी प्रथिनं). त्या अँटिजेनमध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, राहिलं तर पेशी त्यालाच प्रतिसाद देतात आणि आपण फसतो.

पाचव्या दिवशी थोरल्याच्या पेशी फिलारियावर तुटून पडलेल्या, प्रतिकार भडकवणारं इंटरफेरॉन-गॅमा भरपूर. धाकट्याच्या पेशी पीएचए आणि ट्युबरक्युलिनला तेवढ्याच जोमाच्या. फिलारियापुढे मात्र ढिम्म. द्रवात प्रतिकार शांत करणारं इंटरल्यूकिन-10 चढलेलं. ते अडवणारी अँटिबॉडी घातल्यावर थोडी हालचाल झाली, पूर्ण नाही. म्हणजे याची प्रतिकारशक्ती दुबळी नव्हती; याच एका शत्रूपुरती गप्प बसवलेली होती. थोरल्याची सूज काही अंशी त्याच्याच प्रतिकाराने आणलेली, बाकी चिखल्यांतून शिरणाऱ्या जिवाणूंनी वाढवलेली. त्याला गोळ्यांइतकाच, किंबहुना जास्तच, उपयोग रोज साबणाने पाय धुऊन बेचके कोरडे ठेवण्याचा.

धाकट्याला वजनाच्या दर किलोला 6 मिलिग्रॅम डीईसी (डायइथाइलकार्बामाझीन, पिल्लं मारणारं औषध) आणि 400 मिलिग्रॅम अल्बेंडाझोल हे जंतनाशक. पिल्लं एकदम मरतात, त्यांच्या अंगातले वोल्बाकिया जिवाणू रक्तात सांडतात आणि गप्प प्रतिकार खवळतो: ताप, अंगदुखी. पिल्लं जितकी जास्त तितका ताप जास्त. गावात याचंच 'गोळी बाधली' होतं आणि पुढच्या वर्षी गोळ्या खिशात जातात. म्हणून तापाचं आधीच सांगितलं, पॅरासिटामॉल हातात दिली. डास उचलणार ती पिल्लं त्याच्याच रक्तातली, हे ऐकल्यावर थोरल्याने त्याला आमच्यासमोरच गोळ्या गिळायला लावल्या.