विनोदी, म्हणे

गुरुवार, रात्री

आमच्या अल्बमच्या अपलोडच्या फॉर्मवर एकच रकाना उरलाय, गाण्यांच्या प्रकाराचा. मुख्य प्रकार आणि त्याखाली उपप्रकार. दादाने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि सहज म्हणाला, "कॉमेडी टाक ना सरळ." त्याच्या मनात काही नव्हतं. असेलही. पण संध्याकाळपासून डोक्यात तेच चाललंय.

नऊ गाणी. एकाला लावणीचा ठेका, एक बोसा नोव्हाच्या, म्हणजे ब्राझीलच्या संथ गिटारी ठेक्याच्या अंगाने जाणारं, एक नुसत्या पेटीवर आणि टाळ्यांवर. पाण्याचा टँकर, पुनर्विकास, बेस्टची बस, गटारात उतरणारा माणूस. ही सगळी एका खणात बसणार नाहीत हे आधीपासून ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. पॉप लिहून मोकळं व्हायचं असंच ठरलेलं. मग कॉमेडी एवढं का टोचलं?

त्या खणात शेजारी बहुतेक स्टँडअपवाले असणार, हे एक कारण. पण खरं कारण ते नाही. कॉमेडी म्हटलं की ऐकणारा हसायच्या तयारीने येतो, आणि हसून झालं की त्याचं काम संपतं. आमचं तिथून पुढे सुरू होतं.

आणि त्या हसण्यावर किती मेहनत असते हे कुणाला दिसत नाही. तीस सेकंदांच्या आत कुणी पुढच्या गाण्यावर गेलं तर स्पॉटिफायवर ते ऐकणं मोजलंच जात नाही. २०२४पासून तर आधीच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला पैसेही मिळत नाहीत. टँकरच्या गाण्याची लय मिनिटाला ९६ मात्रा. म्हणजे चार मात्रांचा एक बार अडीच सेकंदांचा. सुरुवातीला आठ बार नुसतं वाजवलं की वीस सेकंद गेले. मग दोन-दोन बारांच्या चार ओळी, आणि कोपरखळी चौथीच्या शेवटी, चाळिसाव्या सेकंदाला. तोवर माणूस दुसरीकडे. म्हणून सुरुवातीचं वाजवणं दोन बारांवर आणलं, आता टोला पंचविसाव्या सेकंदाच्या आसपास पडतो. बासरीचा तो सुंदर तुकडा त्यातच गेला. असो.

शेवटचा शब्द कळला नाही तर ओळ मेली. त्या शब्दापुरती पेटी आणि गिटार २ ते ४ किलोहर्ट्झच्या, म्हणजे शब्द स्पष्ट करणाऱ्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल खाली, हायहॅट अर्धा बार बंद, आणि आवाज एखाद-दीड डेसिबल वर. पूर्ण ओळ उचलायची नाही, नाहीतर सांगणाऱ्यालाच हसू आवरत नाहीये असं वाटतं. आपल्या भाषेत च, झ, स भरपूर. ते ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये टोचतात म्हणून डी-एसर, म्हणजे असे टोचरे आवाज दाबणारं साधन, जास्त दाबला की "चोच" आणि "सोस" सारखेच ऐकू येतात. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमी, साठ-सत्तर मिलिसेकंद उशिरा सुरू व्हायला हवी (प्री-डिले), म्हणजे शब्द कोरडा निघतो आणि शेपूट मागून येतं. कार्यक्रमात टोल्यानंतर दोन बार नुसता ठेका धरावा लागतो, कारण लोक हसत असतात आणि पुढची ओळ बुडते. रेकॉर्डवर तीच जागा ओस पडल्यासारखी वाटते. तिथे अर्धा बार पुरतो.

एवढं सगळं कशासाठी, तर कॉमेडी टाक सरळ.

गटाराचं गाणं आठवून तर जास्तच वाईट वाटलं. त्याच्या धृपदात फक्त दोन सालं आहेत, १९९३ आणि २०१३. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या दोन कायद्यांची. चाल साबणाच्या जाहिरातीसारखी. पहिल्यांदा हसू येतं, यावं म्हणूनच तशी आहे. तिसऱ्यांदा येऊ नये, एवढंच. पण आलं तर? ऐकणारा ते गुणगुणत आंघोळ करत असेल तर त्यात दोष कुणाचा, चालीचा की त्याचा? यावर मला काही धड सुचत नाही. तसंही ते गाणं हळू ठेवलंय, आधीच्या धांगडधिंग्यापेक्षा चांगलं पाच-सहा डेसिबलने. अल्बम सलग लावला तर स्पॉटिफाय हा फरक राखतं. पण एखाद्या मिश्र प्लेलिस्टमध्ये प्रत्येक गाणं साधारण उणे १४ लफ्सवर, म्हणजे एकाच सरासरी आवाजावर आणलं जातं, आणि ज्याने दबक्या आवाजात बोलायचं तेच पुढे येऊन ओरडतं. त्याच्या शेवटी चार सेकंदांची शांतता फाइलमध्येच ठेवलीय. शफलवर तीही दुसऱ्याच गाण्याच्या वाट्याला.

मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान होतं, २०१६मध्ये बंद झालं. तिथेही खण होते. पण काउंटरवरच्या माणसाला "हे जरा वेगळं आहे" असं सांगता यायचं. ड्रॉपडाउनला काय सांगणार.

आणि आपल्याकडे ही गंमत नवी थोडीच आहे? एकनाथांनी भारुडात आंधळा, बहिरा, मुका, वेडा, जोशी, गारुडी अशी सोंगं आणली. लोक सोंगाला हसले आणि पोटातलं घेऊन घरी गेले. गिरणगावात लाल बावटा कलापथकाने चाळीसच्या दशकात शेठ-सावकारांची टर उडवून संपाची गोष्ट सांगितली. त्यांना कुणी उपप्रकार विचारला नव्हता. (त्यांच्या पंगतीत स्वतःला बसवतेय, हेही जरा जास्तच. रात्री साडेबाराला माणूस मोठा होतो.)

खरं तर हसण्याने काय होतं याचा पुरावा मावशीच्या सोसायटीत आहेच. पुनर्विकासाच्या गाण्याचा कच्चा डेमो तिच्या ग्रुपवर गेला. त्यात तो एक्कावन्न टक्क्यांचा अंतरा आहे, २०१९मध्ये पुनर्विकासाला सभासदांच्या संमतीची अट ७५वरून ५१वर आली त्यावरचा. सेक्रेटरींनी तो विरोधकांना टोमणा म्हणून पुढे पाठवला, विरोधकांनी सेक्रेटरींना. दोघांनाही गाणं आपल्याच बाजूचं वाटलं. मावशी म्हणाली, "मीटिंगला कोरम नव्हता इतकी वर्षं, या वेळी खुर्च्या कमी पडल्या." गंभीर गाण्याला हे जमलं असतं का? मला नाही वाटत. मग कॉमेडी तर कॉमेडी. नाही, पॉपच. उपप्रकारात सिंगर-सॉन्गरायटर. दादाला सांगायचं नाही.

गीतकार-संगीतकारांची खरी नावं भरली, टोपणनाव चालत नाही. आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक, बारा अक्षरी, गाण्यागणिक वेगळा. कव्हर ३००० बाय ३०००. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसकडे नोंदणी उद्या.

राहिलं बेस्टचं गाणं. ते अजून पाठवता येत नाही. "पाच द्या नि दार गाठ" लिहिलं तेव्हा साध्या बसचं कमीत कमी भाडं पाचच रुपये होतं, जुलै २०१९पासून. मे २०२५मध्ये दहा झालं. पाच काढून दहा घाला, असं सगळे सांगतात. मात्रा तीनच आहेत, दादऱ्यात मोजून बसतात. पण पाचमध्ये गुरू आधी, तो समेवर आपटतो. दहामध्ये लघू आधी, वजन दुसऱ्या मात्रेवर घसरतं आणि सम पोकळ राहते. "नोट द्या नि" बिनचूक बसतं, पण मग स्वस्ताईची चेष्टाच जाते. स्वस्त आहे पण येत नाही, हा तर सगळा विनोद.

आता असं सुचतंय की पहिल्या दोन अंतऱ्यांत पाचच ठेवावं. शेवटच्यात दहा आणावं, आणि ते अडखळणं झाकू नये. तबल्याने तिथली सम सोडायची, बेसनेही. आवाज एकटा पडेल, घसरेल, आणि बरोबर तिथेच भाडं दुप्पट झालेलं असेल. हसू येईल की नाही, कोण जाणे. त्या एका ओळीसाठी तोच माइक, तेवढंच अंतर, तोच गेन लागेल. जुना आवाज सकाळचा आहे, म्हणजे हीसुद्धा सकाळीच घ्यायची. तबलेवाल्यांना आठच्या आत फोन करायला हवा, नंतर ते क्लासला जातात.