एकाच पुस्तकात अख्खा गेम मिळतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. टेबलटॉप रोलप्ले गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, बोलत आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: ‘आमचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे. टेबलटॉप रोलप्ले गेम सुरू करायचाय, पण एकदम तीन-चार जाड पुस्तकं घ्यायची तयारी नाही. एकच रूलबुक घेतलं आणि खेळायला बसलो, असं कुठल्या गेममध्ये जमतं?’

जमतं, आणि पुष्कळ गेममध्ये जमतं. फक्त मागच्या कव्हरवर ‘खेळायला लागणारं सगळं यात आहे’ असं छापलंय म्हणून घेऊ नका. मी पुस्तक पारखताना एकच प्रसंग डोळ्यांपुढे आणते. पात्रं तयार झाली आहेत, फासे टेबलावर आहेत आणि सगळे जीएमच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरच्या, तोंडाकडे बघताहेत. आता यांच्यापुढे काय ठेवायचं, हे जीएमला त्याच पुस्तकात सापडतं का? सापडत असेल तर माझ्या लेखी ते पुस्तक पूर्ण, मग ते शंभर पानांचं असो की चारशे.

खेळाडूंच्या वाट्याचं जवळजवळ प्रत्येक रूलबुकात असतंच. पात्र कसं बनवायचं, फासे कधी टाकायचे, मारामारीत पहिली पाळी कुणाची, हे सगळं तिथे मिळतं. गाडी अडते ती जीएमच्या बाजूला. विरोधक कोण, त्यांची ताकद किती, पहिलं साहस कुठून उचलायचं, खेळाडू भलत्याच वाटेला लागले तर पुढे काय, हे शोधायला गेलं की दुसऱ्या पुस्तकाचं नाव समोर येतं.

ही सवय या छंदाला अगदी सुरुवातीपासून आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला तो तीन छोट्या पुस्तिकांच्या पेटीतून. त्यातही ‘चेनमेल’ नावाचे आधीचे युद्धखेळाचे नियम तुमच्याकडे असतील आणि रानावनातल्या प्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या वेगळ्याच बोर्डगेमचा बोर्ड असेल, असं धरलेलं होतं. पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिकेत राक्षसांचं पुस्तक 1977 मध्ये, खेळाडूंचं 1978 मध्ये आणि जीएमचं 1979 मध्ये निघालं. वार लागला की हुकला हे ठरवणारे तक्ते होते त्या शेवटच्या पुस्तकात. 2014 च्या पाचव्या आवृत्तीनेही तीन पुस्तकांची तीच घडी ठेवली, आणि नव्या माणसाची पहिली गाठ बहुधा याच गेमशी पडत असल्यामुळे सगळे गेम असेच असतात असा समज होतो.

गंमत म्हणजे याच गेमचा एक अख्खा खंडही निघाला होता. 1991 चा ‘रूल्स सायक्लोपीडिया’, 304 पानं. पहिल्या लेव्हलपासून छत्तिसाव्या लेव्हलपर्यंतची पात्रं, मंत्र, राक्षस, स्वतःचं राज्य चालवणं, सैन्याच्या सैन्याशी लढाया, सगळं एका बांधणीत. मला तो मनापासून आवडतो. तरी पहिलं पुस्तक म्हणून मी तो कुणाला सुचवत नाही, कारण तो संदर्भासाठी रचलेला आहे. कुठलाही नियम हवा तेव्हा सापडतो, पण पहिल्या संध्याकाळी काय करायचं ते आपलं आपण ठरवावं लागतं.

त्या संध्याकाळची सोय ज्यांनी नीट केली आहे, त्यांत माझ्या यादीत ‘कॉल ऑफ कथुलू’ पहिला. सँडी पीटरसनचा हा भयकथेचा गेम 1981 चा. आजच्या सातव्या आवृत्तीत दोन मुख्य पुस्तकं दिसतात आणि लोक गोंधळतात. त्यातलं ‘कीपर रूलबुक’ घ्या, कीपर म्हणजे इथला जीएम. ‘इन्व्हेस्टिगेटर हँडबुक’ खेळाडूंसाठी जादा माल आहे, त्याच्यावाचून काही अडत नाही. पात्रं बनवण्यापासून राक्षस, मंत्र, शापित ग्रंथ आणि शेवटी खेळायला दोन तयार साहसं, हे सगळं कीपरच्याच पुस्तकात आहे.

नियम किती सरळ आहेत बघा. शोधक, म्हणजे इथलं खेळाडूचं पात्र, एक बंद खोली धुंडाळतो आहे आणि त्याच्या माहितीच्या कागदावर बारीक गोष्टी टिपण्याचं कौशल्य 60 आहे. शंभराचा फासा टाकायचा, 60 किंवा खाली आला की सापडलं. काम अवघड असेल तर निम्मं, म्हणजे 30. फारच अवघड असेल तर पाचवा हिस्सा, 12. फासा फसला तरी खेळाडू ‘मी पुन्हा जोर लावतो’ म्हणू शकतो, मात्र कसा ते सांगावं लागतं, आणि यावेळी फसला तर जास्त वाईट घडतं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. या एका नियमाने टेबलावर जो ताण येतो, तो मी इतर गेममध्ये क्वचित पाहिलाय. आता राक्षसांचं प्रकरण उघडा. घूल या प्रेतं खाणाऱ्या राक्षसाच्या नोंदीत त्याची ताकद, नखांचा वार आणि त्याला बघून मनाचं किती नुकसान होतं, हे सगळं एकाच ठिकाणी आहे. मनाच्या ताब्याचा फासा जिंकला तर काही जात नाही, हरला तर साध्या सहा बाजूंच्या फाशावर येईल तेवढं जातं. कीपरला खेळ थांबवून दुसरं काही उघडावं लागत नाही.

भयकथा नको असेल तर जॉन हार्परचा ‘ब्लेड्स इन द डार्क’, 2017 चा. खेळाडू म्हणजे डॉस्कव्होल नावाच्या अंधाऱ्या शहरातली एक छोटी टोळी. साधे सहा बाजूंचे फासे पुरतात: सर्वांत मोठा आकडा 6 आला तर काम फत्ते, 4 किंवा 5 आला तर काम होतं पण किंमत मोजावी लागते, त्याखाली आला तर फसलं. शहराचे विभाग, तिथल्या टोळ्या आणि त्यांची आपसातली वैरं पुस्तकातच आहेत. त्याहून मोलाची वाटते ती तयार सुरुवात. क्रोज फूट या वस्तीत लॅम्पब्लॅक्स आणि रेड सॅशेस या दोन टोळ्या भिडल्या आहेत, आणि लॅम्पब्लॅक्सचा म्होरक्या बाझो बाझ तुमच्या टोळीला समोर बसवून विचारतो की तुम्ही कुणाच्या बाजूने. खेळाडूंनी काहीही उत्तर दिलं तरी गोष्ट सुरू होते, कारण हो म्हटलं तरी कुणीतरी दुखावतं आणि नाही म्हटलं तरी. नव्या जीएमला याहून चांगली मदत मला ठाऊक नाही.

जुन्या धाटणीची तळघरं आणि खजिने हवे असतील तर केल्सी डिऑनचा ‘शॅडोडार्क’ (2023) बघा. राक्षस, खजिना आणि साहस रचायला भरपूर तक्ते त्याच पुस्तकात आहेत. शिवाय मशाल खऱ्या घड्याळाच्या एका तासात विझते, त्यामुळे खेळाडू उगाच रेंगाळत नाहीत. जीएम व्हायला कुणीच तयार नसेल, किंवा एकटंच खेळायचं असेल, तर शॉन टॉमकिनचा ‘आयर्नस्वॉर्न’ (2018). पुढे काय घडतं ते त्यातले प्रश्नोत्तरांचे तक्तेच सांगतात, आणि त्याची डिजिटल प्रत मोफत मिळते.

एका प्रकारापासून मात्र सुरुवातीला लांब राहा: कुठल्याही जगात चालणाऱ्या सर्वसाधारण नियमसंचांपासून. ‘गर्प्स’ची चौथी आवृत्ती मुळातच दोन पुस्तकांत आहे. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ एका पुस्तकात आहे, नियमही चपळ आहेत. पण दोन्हीकडे जग आणि गोष्ट तुम्हालाच उभी करायची असते. ज्याने कधी गेम चालवलाच नाही, त्याच्यावर पहिल्याच वेळी हे ओझं टाकू नये.

या नावांपलीकडचं एखादं पुस्तक हातात आलं तर अनुक्रमणिकेचा शेवटचा तिसरा भाग आधी वाचा. विरोधकांचं प्रकरण, जीएमसाठीचं प्रकरण आणि निदान एक साहस किंवा सुरुवातीचा प्रसंग तिथे दिसला पाहिजे. तिथे नुसती शस्त्रांची आणि जादा क्षमतांची यादी असेल, तर दुसरं पुस्तक घ्यावं लागणार हे समजा.

आणि तुमच्या ग्रुपने अजून काहीच ठरवलं नसेल, तर ‘कॉल ऑफ कथुलू’चे मोफत क्विक-स्टार्ट नियम उतरवून घ्या. त्यात ‘द हॉन्टिंग’ हे पछाडलेल्या घराचं साहस आहे. जीएम होणाऱ्याने तेवढं आधी वाचून ठेवावं, बाकीच्यांनी काहीही न वाचता यावं. घरातून बाहेर पडल्यावर ‘पुढे काय?’ असं त्यांनीच विचारलं, की कीपर रूलबुक घ्या.