बारा पावलं

"पहिलीच्या वर्गापासून बाथरूम किती लांब आहे हो?"

प्रवेशाच्या टेबलावर मी. समोर एक बाबा. ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण, आरटीईच्या २५ टक्के जागा, फीचे हप्ते, सगळं तोंडपाठ. हे सोडून.

मागे लादी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बारा पावलं. पण कडी उंच आहे, पोरांचा हात पोचत नाही. म्हणून मी उभी राहते तिथं."

चार वर्षं मी लोकांना ही शाळा सांगतेय. माहितीपत्रकही मीच लिहिलंय (पहिल्या पानावर संगणक कक्ष, अर्थात!). त्या मजल्यावर शेवटची कधी गेले होते, आठवेना.

मधल्या सुट्टीत गेले. मोजली. माझी सातच भरली.

मावशींनी पोरांची मोजली होती.